डब्यातली बुद्धी आणि ताटातली भाकर

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की वस्तीतल्या मेडिकल दुकानांत एका मालाचा खप वाढतो. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या भुकट्या, मेंदूला ऊर्जा देणाऱ्या गोळ्या, एकाग्रतेची सिरपे! गेल्या परीक्षेच्या दिवसांत धुणीभांडी करणारी एक भगिनी असाच एक डबा घेऊन आमच्याकडे आली. किंमत साडेआठशे रुपये. त्यासाठी तिने घरातले दूध बंद केले होते. म्हणाली, ‘‘जय भीम दादा. तीन डबे संपले, पोरगं अजून वर्गात पेंगतंय. कंपनीवर केस होते का?’’

आम्ही आधी विचारले, पोरगा काय खाऊन शाळेत जातो? चहा आणि खारी. झोपतो किती? रात्री बारापर्यंत अभ्यास आणि पहाटे चारला नळावर पाण्याची रांग. पेंगण्याचे कारण या दोन उत्तरांतच होते.

मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के. पण माणूस नुसता बसलेला असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. ती त्याला मुख्यतः रक्तातल्या साखरेतून मिळते आणि लागणारा प्राणवायू हिमोग्लोबिन वाहून नेते. हिमोग्लोबिनसाठी लोह हवे. लोह घटले की मूल थकते, लक्ष उडते. वाचलेले पक्के होते ते झोपेत. ज्याला लोह किंवा बी-१२ कमी आहे, त्याला रक्त तपासून डॉक्टरांनी दिलेली गोळी गुण देते, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्याला काही कमी नाही, त्याची बुद्धी डब्याने वाढते याला भक्कम पुरावा नाही. मेंदूच्या गोळ्यांत मिरवणाऱ्या गिंको बिलोबाची अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर कित्येक वर्षे चाचणी झाली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : स्मृतिभ्रंश टळला नाही.

आता कायदा पाहा. औषधे नियम १९४५ मधील नियम १०६ आणि अनुसूची ‘जे’ यांनुसार मेंदूची क्षमता वा स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा ॲलोपॅथीच्या औषधाला करता येत नाही. जो दावा औषधाला नाकारला, तोच करायचा कसा? माल औषधाच्या फळीवरून उचलून खाद्यपदार्थाच्या फळीवर ठेवायचा! म्हणून डब्यावर पुढे मोठ्या अक्षरांत ‘तल्लख बुद्धी’ आणि मागे बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापलेले दिसते. तेही इंग्रजीत. आमच्या भगिनीने ते वाचायचे कसे?

परंतु खाद्यपदार्थ म्हटल्याने खोटे बोलण्याचा परवाना मिळत नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ५३ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खालीही केंद्रीय प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाख आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. तेव्हा त्या भगिनीला आम्ही सांगितले, केस होते. पावती आणि डबा जपून ठेव. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही.

पण केवळ कंपनीला दंड होऊन त्या पोराचे पोट भरणार आहे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आहेत. शासकीय व अनुदानित शाळांतून आठवड्याला लोहाची गोळी फुकट देण्याची योजना आहे. ती आपल्या शाळेत वाटली जाते का, हे किती पालक विचारतात? महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून शाळांना लोकवर्गणीकडे बोट दाखवले. गरिबाच्या ताटातले अंडे शासनाने काढायचे आणि त्याच गरिबाला बाजाराने बुद्धीचा डबा विकायचा, हा कुठला न्याय?

काही जण म्हणतील, बाबासाहेब लंडनमध्ये अर्धपोटी राहून शिकलेच ना? शिकले. पण ती त्यांच्यावर लादलेली स्थिती होती, आपल्या लेकरांसाठी घालून दिलेला आदर्श नव्हे. आपली मुले पोटभर जेवून शिकावीत, यासाठीच तो सारा खटाटोप होता.

सिद्धार्थ गौतमानेही उपासाने शरीर झिजवून पाहिले. शरीर खंगले, ज्ञान मिळाले नाही. सुजाताची खीर त्याने स्वीकारली आणि त्यानंतर तो बोधिवृक्षाखाली बसला. मन स्थिर व्हायला आधी पोटात अन्न लागते, हे आपल्या परंपरेला अडीच हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

म्हणून समाजबांधवांना आमचे सांगणे आहे. साडेआठशे रुपयांत घरात दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ, पालेभाजी आणा. परीक्षेच्या महिन्यात पहाटेच्या पाण्याची पाळी घरातल्या दुसऱ्या कोणी घ्यावी. विहाराच्या कमिटीने अभ्यासिकेत संध्याकाळी मूठभर चणे-गूळ ठेवावेत. आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसून विचारावे : आमच्या लेकरांचे अंडे कुठे गेले?