भावाच्या मळ्यातली वाइन

यावेळचा विषय पाहून काहीजणींच्या भुवया उंचावतील. माझ्याही उंचावल्या होत्या!

माझा धाकटा भाऊ दिंडोरीकडे द्राक्षे पिकवतो. खाण्याच्या द्राक्षांत दोनदा हात पोळल्यावर त्याने शिराझ जातीची काळी, वाइनची द्राक्षे करारावर लावली. भाऊबीजेला आला तो पिशवीत बाटली घेऊनच. म्हणाला, "ताई, माझ्या मळ्यातला माल आहे हिच्यात. चव घेऊन सांग ना, कशी झालीय. आईला विचारायची सोय नाही."

सोय नाही, कारण थोरल्या काकांच्या दारूपायी आमची चार एकर जमीन गेली. बाटली म्हटली की आईचे डोळे भरतात. आणि इकडे सासूबाईंचे देवघर! पण भावाचे वर्षाचे कष्ट कपाटात दडवायचे तरी कसे? शेवटी यांनी सासूबाईंना सरळ सांगून टाकले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारी मटण आहेच. जेवणाबरोबर घ्या. पण पोरांपासून चोरून काही नको."

मग मी भावाकडून सगळे नीट समजून घेतले. तेच तुम्हाला सांगते.

काळ्या द्राक्षाचा रस बहुधा पांढरटच असतो. तांबडा रंग येतो तो सालीतून. साली आणि बिया रसात भिजतात, त्यांतूनच तुरटपणा उतरतो. कच्ची सुपारी किंवा फार उकळलेला कोरा चहा घेतल्यावर जीभ कशी कोरडी होते, तसेच. म्हणून पहिला घोट घेऊन "शी, कडू!" म्हणू नका. बरोबर खायचे काय, ते महत्त्वाचे.

गार करायची, पण बर्फ घालायचा नाही. आपल्याकडच्या उकाड्यात अर्धा तास फ्रिजमध्ये पुरे. नंतर काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा तास उघडी ठेवली तर चव मऊ होते. ग्लास तिसरा हिस्साच भरायचा, हलकेच फिरवायचा, आधी वास घ्यायचा. मग लहानसा घोट तोंडात घोळवायचा.

आता जोडीचे पदार्थ. मटणाची चरबी आणि प्रथिने तुरटपणा झेलतात, म्हणून सुके मटण, खिमा उत्तम. शाकाहारी घरात भाजलेले पनीर, चीज, मशरूम किंवा दाण्याच्या कुटाची भरली वांगी करा. तिखट मात्र निम्मे घाला. झणझणीत रश्श्याबरोबर मद्याची आग दुप्पट वाटते. मासळीबरोबर तोंडाला लोखंडासारखी चव येते, तेव्हा सुरमई दुसऱ्या दिवशी. श्रीखंड-जिलबीपुढे ही वाइन आंबट लागते. उरली तर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवसांत संपवावी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. हिच्यात शंभरात तेरा-चौदा भाग मद्यार्क असतो, साध्या बिअरच्या दुपटीहून जास्त. "वाइन हृदयाला चांगली" असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. मद्याचे कोणतेच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. गरोदर बाईने, औषधे चालू असणाऱ्याने, गाडी चालवणाऱ्याने घेऊच नये. आणि नको म्हणणाऱ्या पाहुण्याला आग्रह करू नये. आग्रह पुरणपोळीचा करावा!

रविवारी भाऊ आला. पान वाढले, मी एक घोट घेतला. तुरट, दाट, शेवटी जिभेवर किंचित चुरचुर. भाऊ माझ्या तोंडाकडे निकालाच्या दिवशी पोरे बघतात तसा बघत होता. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आण इकडे." आम्ही सगळे स्तब्ध! त्यांनी ग्लास फक्त नाकाशी धरला. "मिऱ्यांचा वास येतोय रे हिला."

भावाचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! मिऱ्याचा वास हीच शिराझची खूण. मिऱ्यात ज्या द्रव्याचा वास असतो, तेच द्रव्य या द्राक्षाच्या सालीत असते. चाळीस वर्षे मसाले भाजणाऱ्या बाईने, एक थेंबही न चाखता, ते ओळखले होते.

जाताना भाऊ म्हणाला, "ताई, आईला सांगशील?"

सांगेन. पण बाटली नेणार नाही. आधी मळा दाखवायला नेईन.