महागड्या मोटारीची बॅटरी आणि आपला कारागीर

मोटार दुरुस्ती, बॅटरी, वायरिंग आणि जुने सुटे भाग या धंद्यांवर आपल्या समाजातील असंख्य घरांची रोजी चालते. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून ते तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोरच्या गॅरेजपर्यंत हे हुनर उस्तादाकडून शागिर्दाकडे चालत आलेले आहे. या धंद्यापुढे सध्या एक प्रश्न उभा आहे. दिसायला तो लहान आहे, परंतु त्याच्या उत्तरावर पुढच्या पिढीची रोजी अवलंबून आहे. महागड्या मोटारीची बॅटरी बदलण्याचे काम कोणी करायचे?

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, मिस्त्री नाही. मग या विषयात आम्ही का बोलतो, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, या कामाचे गिऱ्हाईक आम्ही आहोत. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, व्यापारी व उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. आज त्यात कोणाला नवल वाटत नाही. श्रीमंतांनी काही वर्षे वापरून विकलेली अशी मोटार जुन्या बाजारात मध्यम व्यापाऱ्यालाही परवडते. मर्सिडीज पुण्याजवळ चाकणला जोडली जाते, ऑडी शेंद्र्याला. मोटार आपल्याच भागात तयार होते आणि आपल्याच रस्त्यावर धावते. मग तिची बॅटरी आपल्या गल्लीत का बदलू नये?

याबाबत दोन प्रकारची बोलणी कानावर येतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतात, "बाहेर बॅटरी बदललीत तर मोटारीचा संगणक बिघडेल." आम्हालाही एका ठिकाणी हेच ऐकविण्यात आले. गल्लीतला मिस्त्री म्हणतो, "सेठ, बॅटरी ती बॅटरी. नट खोला, जुनी काढा, नवी बसवा." आमच्या मते दोघेही अर्धेच खरे सांगतात, आणि त्यात गिऱ्हाइकाचा पैसा व कारागिराचे नाव दोन्ही जाते.

खरी गोष्ट काय आहे ती समजून घेतली पाहिजे. ॲम्बॅसेडर आणि फियाटच्या काळात बॅटरी बॉनेटखाली असे आणि आल्टरनेटर तिला एकाच ठराविक दाबाने चार्ज करी. आजच्या महागड्या मोटारीत चार्जिंगचा कारभार संगणक पाहतो. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. तो दाब, करंट आणि तापमान सतत मोजतो. त्यावरून संगणक बॅटरीचे वय आणि ताकद यांचा हिशेब ठेवतो आणि बॅटरी जुनी होत जाईल तसे चार्जिंग बदलतो. आता जुनी काढून नवी बसवली आणि संगणकाला सांगितलेच नाही, तर तो नव्या बॅटरीलाही जुनीच समजून चार्ज करत राहतो. नवी बॅटरी तेवढी लवकर संपते. म्हणून बीएमडब्ल्यूमध्ये नव्या बॅटरीची नोंद करावी लागते. तिलाच रजिस्ट्रेशन म्हणतात. ९० ॲम्पियर-अवरच्या जागी ८० ची बसवली, किंवा बॅटरीची जात बदलली, तर तेही संगणकात भरावे लागते. ऑडीच्या अनेक मोटारींत बॅटरीचा क्रमांक आणि बनवणाऱ्याची खूण भरतात. मर्सिडीजच्या अनेक मोटारींत मोठ्या बॅटरीबरोबर एक छोटी साहाय्यक बॅटरीही असते. मोठी बदलली आणि छोटी मेलेली राहिली, तर तक्रार तशीच राहते आणि बोल मिस्त्रीला लागतो.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या जातीची. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणाऱ्या मोटारीत बहुधा ए.जी.एम. जातीची बॅटरी असते. तिच्यात तेजाब काचेच्या बारीक तंतूंच्या थरात शोषलेले असते आणि ती वारंवार खाली होऊन भरण्याचा मार सहन करते. तिच्या जागी स्वस्तातली साधी पाण्याची बॅटरी बसवली तर मोटार आज चालू होईल, पण ती बॅटरी फार दिवस टिकणार नाही. सुती मागितलेल्या गिऱ्हाइकाला पॉलिस्टर मिसळलेला माल देण्यासारखेच हे आहे. भाव कमी दिसतो, पण पहिल्या धुण्यात माल बोलतो.

तिसरी गोष्ट हाताच्या शिस्तीची. पुष्कळ मोटारींत बॅटरी डिकीत किंवा बैठकीच्या भागात असते. तिच्या वायूची नळी बाहेर काढलेली असते. ती परत जोडायची राहिली तर चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन आत साठू शकतो आणि एका ठिणगीने घात होऊ शकतो. बीएमडब्ल्यूच्या पॉझिटिव्ह तारेवर अपघातात वीज तोडण्यासाठी बारुदाचा छोटा बार बसवलेला असतो. तिथे हातोडी चालवायची नाही. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी, हा नियम जुनाच आहे आणि आजही तोच आहे. वीज तुटल्यावर काचा आणि स्टिअरिंगचा सेन्सर यांना त्यांची जागा पुन्हा शिकवावी लागू शकते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितले की वाद होत नाही.

आता मोटारमालकांसाठी दोन शब्द. सणासुदीपुरती मोटार बाहेर काढणारे पुष्कळ आहेत. कुलूप लावून उभी असतानाही मोटार थोडी वीज खात असते. ती ५० मिलिॲम्पियर धरली तर दिवसाला १.२ ॲम्पियर-अवर जातात, महिन्याला ३६. म्हणजे ८० ॲम्पियर-अवरची बॅटरी एका महिन्यात जवळजवळ अर्धी रिकामी होते. रोज दुकान ते मशीद आणि मशीद ते घर एवढीच धाव असेल तरीही बॅटरी पुरती भरत नाही. तिच्यावर आपल्याकडचा उन्हाळा, आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा मोटार मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालवावी, किंवा चांगला चार्जर लावावा. काही तास उभ्या राहिलेल्या मोटारीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास किंवा वर असेल तर ती भरलेली समजावी. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. चार्जरचा निगेटिव्ह चिमटा थेट बॅटरीवर न लावता बॉडीच्या अर्थिंगच्या जागी लावावा, म्हणजे किती वीज आत गेली ते सेन्सरच्या हिशेबात येते. डिकीतली बॅटरी पूर्ण मेली आणि डिकी उघडेना, तर घाबरून काच फोडू नये. किल्लीच्या आत लपवलेली साधी किल्ली असते, आणि बाहेरून वीज देण्यासाठी बहुतेक अशा मोटारींत बॉनेटखाली टर्मिनल दिलेले असतात.

वाचक बंधूंनो, यातली कोणती गोष्ट आपल्या कारागिराला जमणार नाही? आमच्या मते एकही नाही. नोंद करण्यासाठी स्कॅनर लागतो. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडतात आणि नोंदीचे काम काही मिनिटांत होते. असे स्कॅनर कंपनीबाहेरच्या बाजारातही मिळतात. एकट्या गॅरेजवाल्याला चांगला स्कॅनर जड जातो, हे आम्ही मान्य करतो. मग एका मोहल्ल्यातील चार-पाच गॅरेजवाल्यांनी भागीत तो का घेऊ नये? भिवंडी-मालेगावात धोटा मागांचा काळ होता तेव्हा जॉबर पान्याने सगळे सांभाळी. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले तेव्हा ज्या जॉबरने पान्याबरोबर पडदा वाचणेही शिकून घेतले, त्याला मालक शोधत येऊ लागले. ज्याने "हे कंपनीवाल्यांचे काम" म्हणून हात झटकले, त्याच्या कामावर कंपनीचा माणूस येऊन बसला. मोटारीच्या धंद्यात आज तीच वेळ आलेली आहे.

कायद्याचा कौलही अगदीच विरोधात नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणे हा त्यांच्यावरील ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. त्या १४ जणांत बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजही होत्या. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, परंतु प्रश्न ऐरणीवर आला तो आलाच. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्येच मोटार दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला होता. आपल्या गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी हे कागद नजरेखालून घालावेत आणि मागणी लेखी करावी. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही.

मात्र हक्क मागणाऱ्याचा व्यवहारही चोख असला पाहिजे. नोंद केली नसताना "केली" म्हणून पैसे घेणे, ए.जी.एम.च्या भावात साधी बॅटरी देणे, दुकानात पडून असलेली बॅटरी ताजी म्हणून विकणे, असे प्रकार चारच जण करतात आणि बदनामी साऱ्या बाजाराची होते. कारागिराने बॅटरीची जात, ताकद, बनल्याची तारीख आणि नोंद केल्याचे बिलावर लिहून द्यावे. एवढ्या चार ओळींनी जो भरवसा बसतो तो मोठ्या पाटीने बसत नाही.

शेवटची गोष्ट जुन्या बॅटरीची. एवढ्या ताकदीच्या बॅटरीचे वजन २५ किलोच्या आसपास असते आणि त्यातला मोठा भाग शिसे असतो. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ती गल्लीत फोडणाऱ्याला दिली जाते. शिशाची धूळ आणि धूर आधी त्या कारागिराच्या अंगात जातो आणि मग त्याच्या कपड्यांवरून घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचतो. मुलांच्या मेंदूचे झालेले नुकसान भरून येत नाही. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याने परत घ्याव्यात, असा नियम २००१ मध्येच झाला. २०२२ च्या नव्या नियमांनी त्या गोळा करून गाळण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून जुनी बॅटरी नोंदणीकृत मार्गानेच गेली पाहिजे. कंपनीकडून आपण हक्क मागतो, तर आपल्या मोहल्ल्यातील मुलांचा हक्कही आपणच राखला पाहिजे.

गिऱ्हाइकांना, म्हणजे आमच्यासारख्या व्यापाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. लाखांची मोटार घेऊन मिस्त्रीशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करू नका. "नोंद करता का? कोणती बॅटरी घालता? लिहून देता का?" एवढे तीन प्रश्न विचारा. जो मिस्त्री तिन्हींचे नीट उत्तर देईल, त्याला योग्य मजुरी द्या आणि चार जणांना त्याचे नाव सांगा. दुकानात बसणाऱ्या शागिर्दाला आज स्कॅनर हाताळायला मिळाला, तर दहा वर्षांनी हा धंदा आपल्या हातात राहील. नाहीतर आपली मुले सर्व्हिस सेंटरच्या फाटकाबाहेर मोटारी पुसताना दिसतील, आणि त्या वेळी दोष देण्यासाठी आपल्याशिवाय कोणी उरणार नाही.