सांगू नका म्हणता, मग मागता कशाला?

लाडकी बहीण योजनेतल्या बायकांच्या ई-केवायसीचा आदेश १८ सप्टेंबर २०२५ ला निघाला. अनंत चतुर्दशी होऊन तेव्हा बारा दिवस झाले होते. गणपतीला महाड-पोलादपुरात आलेला चाकरमानी कधीच परत गेलेला होता. आणि आदेश काय, तर महिन्याच्या दीड हजारांसाठी बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही जोडा. दोघांच्याही मोबाइलवर ओटीपी जाणार.

आमच्याकडच्या किती बायकांचे नवरे घरी असतात? कुणी नालासोपाऱ्याला, कुणी दिव्याला, कुणी रात्रपाळी करून झोपलेला. मग सेतू केंद्रात बाई फोन लावते, "अहो, नंबर आला काय? लवकर सांगा, टाइम जाईल." पलीकडून सहा आकडे येतात. ती ते मोठ्याने म्हणते, केंद्रातला मुलगा टाइप करतो, मागे उभ्या असलेल्या चौघी ऐकतात. साइट अडकली की पुन्हा फोन, पुन्हा नवे आकडे. वर डोंगरातल्या वाडीतून आलेली असेल, तर संध्याकाळची एसटी चुकायची भीती वेगळीच.

यात त्या बाईचं काही चुकलं नाही. सरकारने सांगितलं, तसंच तिने केलं. पीएम किसानची केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, गॅसच्या सिलिंडरचा कोड, सगळीकडे हेच. मोबाइलवर आकडा आला की समोरचा विचारेल त्याला तो सांगायचा, ही सवय माणसांना या कामांनीच लावली आहे. तेच सरकार आणि त्याच बँका पुन्हा बजावतात की ओटीपी कुणालाही सांगू नका. दोन्ही आज्ञा एकाच बाईने कशा पाळायच्या? एखाद्या दुपारी फोन येतो, "ताई, तुमचा हप्ता थांबलाय, केवायसी अर्धवट आहे, आता नंबर येईल तो सांगा." ती सांगणारच. परवा सांगितला तेव्हा पैसे मिळाले होते.

पैसे गेले तर भुर्दंडही तिलाच. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिलं की गोपनीय माहिती ग्राहकाने स्वतःच दुसऱ्याला दिली असेल, तर तो निष्काळजीपणा. बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. निष्काळजीपणा हा शब्द मला इथे अन्यायाचा वाटतो. २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले, असं केंद्र सरकारनेच लोकसभेत सांगितलं. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. इतकी माणसं एका वर्षात अचानक निष्काळजी होत नसतात.

हे नियम बदलतील तेव्हा बदलतील, तोवर घरात करण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती मुंबईतल्या माणसाने करायची आहे. बायकोचा, आईचा फोन आला की नुसते आकडे सांगू नका. आलेला मेसेज पहिल्या शब्दापासून वाचा. तो आधारचा आहे की बँकेचा, केवायसीसाठी आहे की खात्यातून रक्कम काढण्यासाठी, हे त्यातच लिहिलेलं असतं. अडचण एवढीच की बहुतेक वेळा ते इंग्रजीत असतं. दहावीतल्या पोराकडून वाचून घ्या, पण वाचल्याशिवाय आकडा तोंडातून काढू नका. काम आपण होऊन करायला गेलो होतो की फोन समोरून आला, हेही विचारा. समोरून आला असेल तर बोलणं तिथेच थांबवा. खात्यात पैसे जमा व्हायला ओटीपी लागत नाही, पिनही लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा दंडाची पावती म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल, तर ती उघडायची नाही, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. त्याचाच फोन कुणीतरी ताब्यात घेतलेला असू शकतो. आणि पैसे गेलेच, तर लाजून दोन दिवस गप्प बसू नये. लगेच १९३० ला फोन करावा आणि बँकेलाही कळवावं. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी तक्रार गेली, तर ते तिथेच अडवता येतात. नवरा ओरडेल म्हणून बायका सांगत नाहीत आणि तेवढ्या वेळात खातं रिकामं होतं. त्या दिवशी घरच्यांनी ओरडू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

बाकीचं सरकारच्या हातात आहे. पीएम किसानच्या अ‍ॅपवर २०२३ पासून चेहरा दाखवून केवायसी होते. तीच सोय लाडक्या बहिणींच्या केवायसीला दिली, तर घाटकोपरचा नवरा आपलं काम आपल्या मोबाइलवर करील, आकडे फोनवर सांगायची गरजच उरणार नाही. ओटीपीचा मेसेज मराठीत आणि कशासाठी आहे ते पहिल्याच ओळीत सांगणारा असावा. आणि केवायसीची मुदत ठरवणाऱ्यांनी कोकणाचं कॅलेंडर उघडून बघावं. गणपतीत आणि शिमग्याला अख्खं गाव घरी असतं. ग्रामपंचायतीत तेव्हा शिबिर लावलं, तर नवराबायको शेजारी उभे राहून दोघांचीही केवायसी करून जातील.