संगणक भंगार नव्हते, पेन ड्राइव्ह चुकीचा होता

थोडं मोठं झालंय, पण ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी तरी वाचा.

आपल्या भागातल्या एका शाळेतले (नाव मुद्दाम देत नाही) अकरा संगणक डेडस्टॉकमधून कमी करायचा प्रस्ताव आलाय. कारण, "नवीन सिस्टीम घेत नाहीत". रविवारी परवानगी घेऊन मी ते सुरू करून बघितले. तपासायला आलेल्या गृहस्थांनी एकाच मशीनला ६४-बिट लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला होता. ते निघालं जुनं पेंटियम ४, ३२-बिटवालं. स्क्रीनवर कर्नल स्वच्छ सांगतं की मला ६४-बिट प्रोसेसर हवा, इथे तो नाही, प्रोसेसरला साजेसं कर्नल वापरा. एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर आपण लिहिलं काय? निर्लेखन करावे. तेही अकराच्या अकरांचं!

त्यातले सात कोअर २ ड्युओ आहेत. त्यांना ६४-बिट चालतं, तोच पेन ड्राइव्ह लावला आणि सुरू झाले. राहिले चार पेंटियम. त्यांच्यासाठी ३२-बिट कर्नल लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ते देणं बंद केलंय, डेबियन १२ मध्ये मिळतं. स्वतः कंपाइलही करता येतं. तिथे 'प्रोसेसर फॅमिली' निवडायची असते: पेंटियम प्रो, पेंटियम ४, ॲटम वगैरे. आहे त्यापेक्षा नवा प्रकार निवडला तर मशीन सुरूच न होण्याची शक्यता. जुना निवडला तर चालतं, वेग थोडा कमी. आणि निवड कर्नल जिथे चालणार त्या मशीनची करायची, जिथे कंपाइल करतोय त्याची नाही. (इथेच बरेच जण फसतात.) प्रोसेसर कोणता हे 'प्रोक' फोल्डरमधल्या 'सीपीयूइन्फो' फाइलीत लिहिलेलं असतं. फ्लॅग्जच्या ओळीत 'एलएम' असेल तर तो ६४-बिट. दोन मिनिटांचं काम.

त्या चारांवर इंटरनेट रडतखडतच चालेल, खोटं कशाला बोलू. पण मराठी टायपिंग शिकायला काय हरकत आहे?

हे आत्ता लिहितोय, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे असे प्रस्ताव आता शाळाशाळांतून येणार, आणि त्यातली बरीच मशीन ६४-बिट, धडधाकट असतील. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतायत, तिथल्या मुलांचं काही अडलेलं नाही.

माझी मागणी साधी आहे. निर्लेखनाच्या यादीत प्रत्येक मशीनपुढे प्रोसेसरचं नाव आणि ३२ की ६४-बिट हा रकाना हवा. तो भरल्याशिवाय सही नको. शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत हे विचारा. तपासायला माणूस नसेल तर मला मेसेज करा, पेन ड्राइव्ह घेऊन येतो. दोन्ही प्रकारचे.