तिथीच्या पाऊणपट

रविवारी सकाळी भाईंदरच्या खारीतल्या कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पोरांना न्यायचं कुठे? इथे आहे काय?" प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, कारण ते त्याने आधीच ठरवलेलं असतं. दुपारी मॉल आणि मे महिन्यात रिसॉर्ट. मधल्या पन्नास रविवारी घरातल्या तीन वर्षांच्या मुलाने सोफा आणि टीव्ही यांच्यामधल्या जागेत काय ते आयुष्य काढावं.

या तक्रारीत अगदीच तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. 1985 साली नगरपालिका आली, 2002 साली महानगरपालिका, आणि 2011च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांच्या पुढे गेली. भातखाचरं आणि मिठागरं जाऊन इमारती उभ्या राहिल्या. पूर्वी पोर दार उघडून जिथे पळत सुटायचं, तिथे आता पार्किंग आहे. भरीला 1989 साली पलीकडे गोराईच्या बाजूला एस्सेलवर्ल्ड उभं राहिलं आणि दोन पिढ्यांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं, सहल म्हणजे तिकीट. ते एस्सेलवर्ल्ड काही वर्षांपूर्वी बंद पडलं, पण समीकरण अजून चालूच आहे.

तरीही "इथे काहीच नाही" हे विधान चुकीचं आहे. ते करणाऱ्याच्या घरापासून रिक्षाच्या एका छोट्या भाड्यावर वसईची खाडी आहे. जेसल पार्कच्या चौपाटीवर लोक गणपती विसर्जनाला जातात, छठपूजेला जातात. एरवी कुणी गेलंच तर चालायला, तेही कानांत इअरफोन घालून. या खाडीत रोज दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं. चार वर्षांच्या मुलासाठी याहून मोठा खेळ मुंबईत कुठे लागलेला नाही. काल भरलेलं पाणी आज गेलं कुठे, हा प्रश्न त्याला पुढचे आठ दिवस पुरतो.

या खेळाचं वेळापत्रक प्रत्येक मराठी घरात भिंतीवर टांगलेलं असतं. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब असा: पंधरवड्यातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, येईल तो आकडा भरतीच्या वेळेचा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, दुपारीही आणि पहाटेही. त्याच्या आधी-नंतर सहा तासांवर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला. अमावास्या-पौर्णिमेला हिशेब बाराच्या आसपास येतो आणि पाणी उधाणाचं असतं. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी, ते फारसं हलतच नाही. रोज ही वेळ पाऊण तासाने, किंचित जास्तच, पुढे सरकते. खाडीत भरतीचं पाणी समुद्रापेक्षा थोडं उशिरा पोचतं, तेवढी सूट द्यायची. ज्या कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे लिहिले जातात, त्याच कॅलेंडरवर मुलाच्या रविवारचा कार्यक्रम छापलेला असतो, पण तिथे तो कुणी शोधत नाही.

ओहोटीला बांधावर उभं राहिलं की चिखल हलू लागतो. निवट्या पाण्याबाहेर येऊन पुढच्या परांवर रांगत चालतात. ओल्या कातडीतून श्वास घेणारा हा मासा. आगरी-कोळी घरांत त्याचं कालवण होतं, हेही मुलाला सांगायला हरकत नाही, मुलं अशा बातमीने घाबरत नाहीत. जवळच छोटे खेकडे असतात. नराची एक नांगी अंगाच्या मानाने भलतीच मोठी, आणि ती तो सारखी वर-खाली करत राहतो, जणू कुणाला तरी हाक मारतोय. तिवरांच्या बुडाशी पेन्सिली रोवल्यासारखी मुळं वर आलेली असतात, चिखलात हवा मिळत नाही म्हणून झाडाने नाक बाहेर काढलेलं. हिवाळ्यात तुतवार आणि लांब लाल पायांचे शेकाटे येतात. खंड्या बाराही महिने असतो. यातलं मुलाला काहीही "शिकवायचं" नसतं. अर्धा तास गप्प उभं राहायचं असतं, आणि खरी अडचण तीच आहे, कारण ते बापाला जमत नाही.

दुसरा आक्षेप घाणीचा. खाडीचं पाणी काळं, प्लॅस्टिक तरंगतंय, डास आहेत. आक्षेप खरा आहे आणि त्याला फाटा देऊन पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. या खाडीत मुलाला उतरवायचं नाही, चिखलात पाय घालू द्यायचा नाही, कारण तो चिखल मोठ्या माणसालाही गुडघ्यापर्यंत धरून ठेवतो. बांधावरून, कठड्यामागून बघायचं, हात पकडून. एवढं मान्य केल्यावर मात्र एक गोष्ट उरते. मुलाने प्लॅस्टिक बघितलं तर बिघडतं काय? निवटीच्या शेजारी गुटख्याची पुडी पडलेली त्याला दिसेल, आणि ती कुणी टाकली असं ते विचारेल. या प्रश्नाला मोठ्यांकडे उत्तर नसतं म्हणून मुलाला तिथे न्यायचंच नाही, हा न्याय उलटा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली कांदळवनं तोडायला बंदी घातली आणि 2018 साली ती कायम केली. तो आदेश पाळला जातोय की नाही, हे बघायला माणसं खाडीवर जायला तर हवीत.

तिसरा आक्षेप सर्वांत लाडका: "एवढ्याशा पोराला काय कळतंय? मोठं झाल्यावर नेऊ." हे बोलणाऱ्यांना माहीत नसतं की याचं खंडन पश्चिम रेल्वेच्याच मार्गावर, विरारच्या पुढे, ऐंशी वर्षांपूर्वी होऊन गेलं आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला आल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. आज देशभर सरकारी फलकांवर दिसणारा "अंगणवाडी" हा शब्द तिथला. माँटेसोरीची महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह ज्या शाळा चालल्या, त्यांतली एक कुरणशाळा. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळा कुरणात गेली. लहान मुलाला बाहेरचं जग "कळतं" का, यावर त्या दोघींनी वाद घालत बसण्यात वेळ घालवला नाही. हातात शिंपला दिला आणि मूल काय करतं ते पाहिलं.

खारीतलं मूल गुरं राखत नाही, त्याच्याकडे पझल आहेत, टॅब आहे, शनिवारी अबॅकसचा क्लास आहे. त्याला नाही ते फक्त अंगण.

मॉलवर इथे कुणाचा राग नाही. जुलैच्या मुसळधार पावसात मॉल उपयोगी पडतो, स्वच्छतागृहं चांगली असतात. पण तिथे लहान मूल प्रत्यक्षात काय करतं, हे एकदा घड्याळ लावून बघावं. ते ट्रॉलीत बसतं. सरकत्या जिन्याशी त्याला ओढून धरलं जातं. मग नाणं टाकल्यावर तीन मिनिटं हलणाऱ्या गाडीत ते बसतं आणि गाडी थांबली की रडतं. दुपारभरात त्याने स्वतःच्या पायांनी किती अंतर काटलं? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितलं, त्यात एक ते चार वयाच्या मुलाची दिवसाकाठी किमान 180 मिनिटं हालचाल व्हावी असं म्हटलं आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलाला बसून पडदा बघायला एक तासाची कमाल मर्यादा, आणि तोही कमी झाला तर बरं.

चष्म्याचा मुद्दा तर त्याहून रोकडा. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांतल्या पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या शाळांत रोज 40 मिनिटं जादा, वर्गाबाहेर, उघड्यावर. तीन वर्षांनंतर बाहेर काढलेल्या मुलांत लघुदृष्टी आलेल्यांचं प्रमाण 30.4 टक्के निघालं, उरलेल्या शाळांत 39.5 टक्के. त्यासाठी ना औषध लागलं ना यंत्र. मुलं नुसती उजेडात उभी राहिली. इमारतींच्या सावलीत वाढणाऱ्या शहराने या आकड्यांकडे जरा थांबून बघायला हवं.

चौथा आक्षेप: खाडी एकदा बघून झाली, पुढच्या रविवारी काय? इथे आक्षेप घेणाऱ्याचं भूगोलाचं अज्ञान उघडं पडतं. फेब्रुवारी 2024पासून भाईंदर ते वसई रो-रो बोट चालू झाली. रस्त्याने चाळीसेक किलोमीटरचा वळसा, पाण्यातून साडेतीन किलोमीटर, पंधरा-वीस मिनिटं. गाड्या सरळ बोटीच्या पोटात शिरतात, हे दृश्य एवढ्याशा मुलासाठी केवढं मोठं आहे! मोठी माणसं मात्र बोटीवर सेल्फी काढतात आणि पलीकडे पोचल्यावर कुठे जेवायचं यावर बोलतात. वसईला काहीही न करता त्याच बोटीने परत आलं तरी मुलाचा दिवस भरलेला असतो. वेळा निघण्याआधी विचारून घ्याव्यात एवढंच.

बोट नको असेल तर लोकल. भाईंदर ते नायगाव, एकच स्टेशन, मध्ये खाडी आणि तिच्यात पाणजू बेट. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. दुपारची रिकामी गाडी पकडावी, संध्याकाळच्या गर्दीत हा प्रयोग करू नये. पुलावर चाकांचा आवाज बदलतो तो मुलाला आधी ऐकू येतो. शेजारी जुने, वापरातून गेलेले पूल दिसतात. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी निघाली, तेव्हा तिच्या थांब्यांच्या यादीत पाणजू होतं, भाईंदर नव्हतं. आज पाणजूला जायला होडी लागते. ही गंमत मुलाला नाही, पण खिडकीशी कंटाळलेल्या आजोबांना नक्की सांगावी.

घोडबंदरचा किल्ला आहे. 1737 साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. चार वर्षांच्या मुलाला यातलं काही सांगायला जाऊ नये. त्याला चढायला पायऱ्या आणि ओरडायला भिंती हव्या असतात, त्या तिथे आहेत. भाईंदर पश्चिमेहून पालिकेची बस उत्तन-चौककडे जाते. चौकच्या टोकावरून समोर वसईचा किल्ला दिसतो, ज्याच्या वेढ्यासाठी चिमाजी अप्पांच्या फौजेला चौकचाच हा धारावी नावाचा डोंगर हवा होता. उत्तनला दिवाळीनंतर वलांडीवर बोंबील वाळत असतात, ओळीने, शाळेच्या गणवेशासारखे. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि होडीचा तळ कसा असतो ते बघायला मिळतं. वास येतो, हे खरंच. मुलं नाक दाबून हसतात आणि तरी परत जाऊ म्हणतात.

मिठागरांचं काय झालं? लोकलच्या खिडकीतून दिसणारे मिठाचे पांढरे ढीग आता आठवणीतच जास्त आहेत. जी आगरं उरली आहेत ती रस्त्यावरून लांबूनच बघावीत. घरी आल्यावर ताटलीत मिठाचं पाणी घालून गॅलरीत उन्हाला ठेवावं. उधाणाचं पाणी कोंडायचं, ऊन लावायचं, मीठ खरवडायचं, यावर इथली आगरी गावं पिढ्यान्पिढ्या जगली. "आगरी" या नावातच आगर आहे. एप्रिलमधल्या दोन-तीन दिवसांत ताटलीत पांढरी कड दिसू लागते, आणि तेवढ्या वेळात त्या मुलाने टीव्हीपेक्षा ताटलीकडे जास्त वेळा धाव घेतलेली असते.

एक आक्षेप मात्र कुणीच मोठ्याने घेत नाही, आणि नेमका तोच बिनतोड आहे. बांधावर पोचून दहा मिनिटं झाली की मूल म्हणतं, "आई, शू." या प्रश्नापुढे सगळे पुरावे फिके पडतात. खाडीकाठी लहान मुलाला नेता येईल असं स्वच्छ शौचालय नसेल, बसायला सावलीचा बाक नसेल, रिक्षातून उतरल्यावर सलग पदपथ नसेल, तर आई घरीच थांबेल आणि तिला दोष देता येणार नाही. मुलाच्या खेळाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क संहितेत, 31व्या कलमात लिहिलेला आहे, आणि भारताने ती 1992 साली मान्य केली आहे. खारीपुरतं त्या कलमाचं भाषांतर एक शौचालय, चार बाक आणि काही झाडं एवढंच होतं. नगरसेवक मत मागायला दारात येतील, तेव्हा कारंजी आणि सेल्फी पॉइंट यांच्याऐवजी हे मागावं. आणि मागणी करणारा माणूस निदान महिन्यातून दोनदा तिथे उभा राहिलेला असावा, नाहीतर त्याला कुणी विचारत नाही.

तोवर कॅलेंडर भिंतीवर आहेच. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. त्याच वेळी घोडबंदरच्या डोंगरांच्या बाजूने चंद्र वर येतो. खारीहून साडेपाचला निघालं तरी चालतं. पाण्याची बाटली आणि मुलाचे जादा कपडे मात्र बरोबर घ्यावेत.