पाळण्यापूर्वी वाचावे

वर्ध्यालगतच्या नालवाडीत गांधीयुगात एक चर्मालय चालत असे. तेथे केवळ नैसर्गिक मृत्यू आलेल्या जनावरांचेच कातडे कमावले जाई. वस्तू वापरण्यापूर्वी ती कोठून व कशी आली, हे विचारण्याचा तो संस्कार होता. हौसेने पक्षी पाळणाऱ्या घरांना आज त्याच संस्काराची गरज आहे.

शालेय उताऱ्याखाली प्रश्न असतात : पक्षी कोठला? काय खातो? किती जगतो? विद्यार्थी उतारा पुन्हा वाचून उत्तरे शोधतो. दस्तऐवज वाचल्याविना सही न करणारा व्यापारी मात्र पांढराशुभ्र, तुरेवाला काकाकुवा पाहताच भुलतो.

नीट वाचले तर काय आढळते? काकाकुव्याचे मूळ घर ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, इंडोनेशिया व फिलिपिन्स. शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातील ‘कुकी’ नावाचा काकाकुवा 2016 मध्ये 83 व्या वर्षी मरण पावला. म्हणजे आजोबांनी आणलेला पक्षी नातवाच्या पदरी पडू शकतो. हा थव्यात राहणारा जीव आहे. एकटा पडला की तो किंचाळतो, प्रसंगी स्वतःचीच पिसे उपटतो. त्याच्या पिसांतून झडणारी भुकटी दमेकऱ्यास बाधते. चॉकलेट आणि अ‍ॅव्होकाडो त्याला विषासमान आहेत. देशी पोपट पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे. विदेशी काकाकुवा बाळगणाऱ्यास 2024 च्या नियमांनुसार नोंदणी आवश्यक आहे.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पिंजरा हा बंध आणि पंख कातरणे हा छेद, हे समजण्यास भाष्यकाराची गरज नाही. पक्ष्याला दाणापाणी वेळेवर मिळते, एवढ्याने पहिल्या अतिचाराचे परिमार्जन होत नाही.

ज्यांच्या घरी असा पक्षी आधीच आहे, त्यांनी त्याला आकाशात सोडून देणे ही जीवदया नव्हे. परक्या हवामानात, अन्न शोधण्याची सवय नसताना तो बहुधा तगत नाही. त्याला प्रशस्त जागा, रोजचा सहवास व पशुवैद्याची देखरेख द्यावी आणि आपल्या पश्चात त्याचा सांभाळ कोण करील, हेही ठरवून ठेवावे. ज्यांनी अद्याप आणलेला नाही, त्यांनी मुलांना शेजारी बसवून आधी त्याची माहिती वाचावी. वाचून झाल्यावर पक्षी आणण्याचा विचार बहुधा मुलेच सोडून देतील.