विम्यास बचतीचे सोंग

माघ सरून फाल्गुन लागला की मध्यमवर्गीय घरांत होळीच्या आधीच एक अग्नी पेटतो. तो प्राप्तिकराच्या भीतीचा. कचेरीतून गुंतवणुकीच्या दाखल्यांची मागणी येते, आणि त्याच सायंकाळी कोणी साडू किंवा आतेभाऊ विम्याचा अर्ज घेऊन दारी उभा राहतो. चहा होतो, मुलांची चौकशी होते, आणि यजमान पंधरा मिनिटांत वीस वर्षांच्या बंधनावर सही करून मोकळे होतात. सकाळी भाजीवालीशी दोन रुपयांकरिता हुज्जत घालणारे गृहस्थ ते हेच!

विम्याविषयी आमची तक्रार नाही. घरातील मिळवते माणूस अकाली गेले तर मागे राहिलेल्यांची सोय करावी, हे विम्याचे काम. त्यास बचतीचे सोंग देऊन जो व्यवहार चालतो त्याविषयी मात्र आम्हांस बोलणे भाग आहे. हिशेबच पाहावा. समजा, दहा लाखांची, वीस वर्षांची एंडाउमेंट पॉलिसी आहे व वार्षिक हप्ता 50,000 रुपये आहे. 'हजारी 37 बोनस' हे शब्द कानास गोड लागतात. परंतु असा बोनस सामान्यतः मूळ विमारकमेवरच मोजतात. बोनसावर बोनस चढत नाही. वीस वर्षांनी हाती येतात 17 लाख 40 हजार, म्हणजे वर्षास सुमारे पाच टक्के! हेच हप्ते सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत भरून, पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांची वाढ घेतली असती, तर एप्रिल 2020 पासून कित्येक वर्षे टिकलेल्या 7.1 टक्के दराने रक्कम 22 लाखांवर गेली असती.

बरे, संरक्षण तरी? ज्या घराचा वार्षिक खर्च सहा लाख, तेथील विधवेस दहा लाख दोन वर्षेही पुरावयाचे नाहीत. केवळ मृत्यूचा धोका उचलणारा विमा, ज्यास टर्म इन्शुरन्स म्हणतात, तो निरोगी तिशीतल्या माणसास एक कोटीचादेखील याच्या निम्म्याहून कमी हप्त्यात मिळतो. पण तेथे 'जगलो तर काहीच परत नाही' म्हणून आमचे गृहस्थ नाक मुरडतात. घरास आग लागली नाही म्हणून आगीच्या विम्याचे पैसे कोणी परत मागतो काय?

करसवलतीचे निमित्तही आता लंगडे झाले आहे. 2020 साली आलेल्या नव्या करपद्धतीत ही वजावट नाही, आणि 2023-24 पासून करदात्याने वेगळे न कळविल्यास तीच पद्धत लागू होते. सवलत गेली, सवय उरली.

'हप्त्याचा धाक नसता तर पैसा उडाला असता,' असे आमचे काही आदरणीय स्नेही म्हणतात. यात तथ्य आहे. पण पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम वळती करण्याचा आदेश बँकेस देऊन ठेवला तर तोच धाक फुकट मिळतो.

आम्हीही काही शहाणे नव्हतो. भिडेपोटी घेतलेल्या अशाच एका पॉलिसीचा हप्ता तीन वर्षांनी जड झाला. ती मोडली, तेव्हा भरलेल्यापैकी निम्मेही परत आले नाहीत. आतेभावाचे कमिशन मात्र पहिल्याच वर्षी त्यास पोचले होते. तो यंदाही येईल. चहा जरूर मिळेल; लेखणी खिशातच राहील.